पंधरा कप आणि एक कप

श्रावणबाळाची गोष्ट वर्गात सांगून झाली की एखादा विद्यार्थी विचारतो, "पण दशरथाने मुद्दाम थोडेच मारले होते? मग त्याला शाप का?" प्रश्न रास्त आहे. अंधारात पाणी भरण्याचा आवाज आला, राजाला वाटले हत्ती पाणी पितो आहे, आणि त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला. माणूस मारण्याचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. यावर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणते, "मुद्दाम नसेल, पण श्रावण मेला ना!"

दोन्ही मुलांनी तत्त्वज्ञानाचे पुस्तक पाहिलेले नसते. तरीही नीतिशास्त्रातला एक जुना आणि अजून न मिटलेला वाद या दोन वाक्यांत आलेला असतो. एखाद्या कृतीचे बरेवाईटपण करणाऱ्याच्या हेतूवरून ठरवायचे, की घडलेल्या परिणामावरून?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट हा पहिल्या मुलाच्या बाजूचा. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने मांडले की निरपवादपणे चांगली म्हणता येईल अशी गोष्ट एकच, ती म्हणजे सदिच्छा. त्या इच्छेतून प्रत्यक्षात काही निष्पन्न झाले नाही तरी तिचे मोल उणे होत नाही. इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथॅम (१७८९) आणि पुढे जॉन स्टुअर्ट मिल (१८६१) यांनी उलट बाजू धरली. कृतीमुळे एकूण सुख वाढले की दुःख, हे पाहा; मनात काय होते याने कृतीच्या योग्यायोग्यतेत फरक पडत नाही. मिलने मात्र एक पुस्ती जोडली होती, ती बरेचदा विसरली जाते. हेतूवरून कृतीची नव्हे, तर माणसाची पारख होते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे 'हे कृत्य वाईट होते का?' आणि 'हा माणूस वाईट आहे का?' हे दोन वेगळे प्रश्न झाले. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडेही हा विचार जुना आहे. बौद्ध परंपरेत कर्म म्हणजे मुळात चेतना, म्हणजेच हेतू. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, घातलेला आहे. मला ही व्याख्या फार मार्मिक वाटते, कारण दशरथाचा खरा दोष तिच्यात नेमका सापडतो. हेतू वाईट नव्हता हे खरे, पण न पाहता बाण सोडला हेही खरे.

हे झाले विचारवंतांचे. सामान्य माणूस प्रत्यक्षात कसा निवाडा करतो, हे प्रयोगाने पाहण्याचा मोठा प्रयत्न जिनिव्हात झां पियाजे यांनी केला. मुलांच्या नीतिविषयक निर्णयांवरचे त्यांचे पुस्तक १९३२ साली आले. त्यांची पद्धत साधी होती. मुलाला दोन गोष्टी सांगायच्या आणि 'यातला जास्त खोडकर कोण?' असे विचारायचे. पहिल्या गोष्टीतला मुलगा जेवायला हाक आली म्हणून खोलीत शिरतो. दारामागे खुर्चीवर कपांचा ट्रे आहे, हे त्याला ठाऊक नसते. दार लागते आणि पंधराच्या पंधरा कप फुटतात. दुसऱ्या गोष्टीतला मुलगा आई घरात नाही असे पाहून फडताळातला मुरंबा काढायला खुर्चीवर चढतो. हात पुरत नाही, धक्का लागून एक कप पडतो आणि फुटतो.

सहा-सात वर्षांची बरीच मुले पंधरा कपवाल्याला जास्त खोडकर ठरवीत. नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत निकाल फिरे आणि मुरंबाचोर दोषी ठरे. यावरून पियाजे यांनी असे मांडले की मूल आधी नुकसान मोजते, आणि मोठे होताना, विशेषतः बरोबरीच्या मुलांशी खेळता-भांडताना, हेतू मोजायला शिकते.

अध्यापनशास्त्राच्या अभ्यासात आपण सर्वांनी पियाजे वाचले आहेत, म्हणून त्यावरचा आक्षेपही माहीत असावा. या दोन गोष्टींत दोन घटक एकदमच बदलतात. एकीकडे निर्दोष हेतू आणि मोठे नुकसान, दुसरीकडे वाईट हेतू आणि लहान नुकसान. शिवाय पंधरा कपांचा खणखणाट मुलाला सहज कल्पिता येतो. हेतू मात्र डोळ्यांना दिसत नाही, तो गोष्टीतून ओळखावा लागतो. १९८० साली शॅरॉन नेल्सन यांनी चेंडू फेकणाऱ्या मुलाच्या गोष्टी घेतल्या आणि त्याच्या मनात काय आहे ते चित्र काढून दाखवले. तेव्हा तीन वर्षांची मुलेही निवाडा करताना हेतू विचारात घेऊ लागली. त्यांची अडचण दोन्ही गोष्टी एकत्र तोलण्याची होती. हेतू किंवा परिणाम यांपैकी एक जरी वाईट असला तरी तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी गोष्टीतला मुलगा वाईटच!

मग प्रश्न असा की आपण मोठी माणसे तरी परिणाम मोजायचे सोडतो का?

जोनाथन बॅरन आणि जॉन हर्षी यांनी १९८८ साली हे तपासले. पंचावन्न वर्षांच्या एका हृदयरुग्णावर बायपास शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवायचे आहे, या शस्त्रक्रियेत शंभरातले आठ रुग्ण दगावतात, आणि शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय होतो. काहींना सांगितले की रुग्ण बरा झाला, काहींना सांगितले की तो दगावला. निर्णय तोच, त्या वेळी हाती असलेली माहितीही तीच. तरीही रुग्ण दगावल्याचे वाचणाऱ्यांनी त्या निर्णयाला कमी गुण दिले. प्रयोगात भाग घेणारे महाविद्यालयीन विद्यार्थी होते, सहा वर्षांची मुले नव्हेत.

फियरी कुशमन यांनी २००८ साली या घोळातला धागा बराचसा सुटा केला. एकाच प्रसंगाबद्दल त्यांनी वेगवेगळे प्रश्न विचारले. 'हे करणे कितपत गैर होते?' असे विचारले की माणसे मुख्यतः करणाऱ्याच्या मनाकडे पाहून उत्तर देतात. 'त्याला किती शिक्षा व्हावी?' असे विचारले की घडलेले नुकसान जड होते. मिलने केलेला तो फरक आठवावा. आपल्या डोक्यात हेतू आणि परिणाम असे दोन तराजू आहेत, आणि कोणता उचलायचा हे पुष्कळदा प्रश्न कसा विचारला यावर ठरते.

यातही एक गंमत आहे. हेतू ओळखताना तरी आपण परिणामाकडे दुर्लक्ष करतो का? जोशुआ नोब यांनी २००३ साली मॅनहॅटनमधल्या एका बागेत लोकांना ही गोष्ट दिली. कंपनीचा अध्यक्ष म्हणतो, "पर्यावरणाचे काय होईल याची मला पर्वा नाही, मला नफा हवा, योजना सुरू करा." पर्यावरणाची हानी होते. त्याने ती मुद्दाम केली का? १०० पैकी ८२ जण 'हो' म्हणाले. दुसऱ्या गटाच्या गोष्टीत शब्द तेच, बेपर्वाई तीच, फक्त पर्यावरणाचा फायदा होतो. तो त्याने मुद्दाम केला असे म्हणणारे १०० पैकी २३ निघाले. म्हणजे वाईट घडले की आपण हेतूही वाईट वाचतो. फुटलेली काच समोर असताना 'मी मुद्दाम नाही केले' हे वाक्य खरे वाटत नाही, त्याचे एक कारण हे असावे.

दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याच्या कामी मेंदूचे काही भाग विशेष सक्रिय होतात. त्यांतला एक उजव्या कानाच्या वर, किंचित मागे आहे. लियान यंग आणि सहकाऱ्यांनी २०१० साली कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन या भागाचे काम तेवढ्यापुरते विस्कळीत केले आणि माणसांना काही प्रसंग वाचायला दिले. उदाहरणार्थ, एक बाई विष समजून मैत्रिणीच्या कॉफीत पूड घालते. ती पूड साखर निघते, मैत्रीण धडधाकट राहते. एरवी आपण त्या बाईला चांगलेच दोषी धरतो. स्पंद दिलेल्यांचा निवाडा थोडा सौम्य झाला, नुकसान न झाल्याकडे झुकला. तो पुरता पालटला नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मेंदूविषयीच्या अशा प्रयोगांच्या बातम्या वाचताना 'नीतीचे केंद्र सापडले' असले मथळे बाजूला ठेवावेत.

आणखी एक सावधगिरी. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग अमेरिकेतल्या माणसांवर झाले आहेत. २०१६ साली क्लार्क बॅरेट आणि सहकाऱ्यांनी दहा समाजांत असे प्रसंग ताडून पाहिले, त्यांतले आठ लहान, पारंपरिक समाज होते. हेतूला दिले जाणारे वजन सगळीकडे सारखे नव्हते. फिजीमधल्या यासावा बेटावर ते सर्वांत कमी आढळले. दुसऱ्याच्या मनात काय आहे याची चर्चा करू नये, असा संकेत त्या भागात आहे. जे कुणालाच दिसत नाही त्यावर न्याय कसा करायचा, असे तिथल्या एखाद्याने विचारले तर उत्तर देणे सोपे नाही.

खुद्द आपला कायदा दोन्ही तराजू वापरतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण ही रचना कायम आहे. जीव घेण्याच्या हेतूने गोळी झाडली आणि नेम चुकला, तर दहा वर्षांपर्यंत कैद; गोळी लागून इजा झाली, तर जन्मठेपेपर्यंत; माणूस मेला, तर जन्मठेप किंवा फाशी. झाडणाऱ्याचे मन तिन्ही वेळा तेच! सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य मात्र गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याची समज होती का ते पाहावे लागते. ही तरतूदही १८६० पासूनची. पियाजे यांच्या आधी बहात्तर वर्षे कायद्याने सातचा आकडा धरला होता.

महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत काचसामान फुटले की 'ब्रेकेज' म्हणून अनामत रकमेतून पैसे कापतात. पिपेट हातातून निसटली की रागाने आपटली, हे कुणी विचारीत नाही. हा अन्याय आहे असे मला वाटत नाही. भरपाई ही नुकसानीची असते, दोषाची नव्हे. घोटाळा होतो तो भरपाईच्या मापाने दोष मोजला की. महागडे उपकरण बिघडवणाऱ्याला तासभर बोलणी, आणि जळता बर्नर तसाच सोडून गेलेल्या, पण नशिबाने काही न घडलेल्या विद्यार्थ्याला एक शब्दही नाही, असे जिथे चालते तिथे मुले एकच गोष्ट शिकतात: फुटलेले लपवायचे.

विमानवाहतुकीत या लपवण्याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते. म्हणून अमेरिकेत १९७६ साली एक वेगळी व्यवस्था सुरू झाली. वैमानिकाच्या हातून अजाणता नियमभंग झाला तर त्याने दहा दिवसांच्या आत तो लिहून कळवायचा. हा अहवाल दंड करणाऱ्या खात्याकडे जात नाही, नासाकडे जातो. नाव गुप्त राहते आणि दंडातून सूट मिळते. मुद्दाम केलेल्या कृत्याला, गुन्ह्याला आणि प्रत्यक्ष अपघाताला ही सवलत नाही. हेतू कुठे पाहायचा आणि परिणाम कुठे, याची वाटणी इथे विचारपूर्वक केलेली दिसते.

कपांचा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे, पण पियाजे यांच्या आराखड्यातला दोष काढून. गोष्टी चार करा: नकळत पंधरा कप, नकळत एक कप, मुरंबा चोरताना पंधरा, मुरंबा चोरताना एक. वर्गाचे चार गट पाडून प्रत्येक गटाला एकच गोष्ट द्या. चिठ्ठीवर नाव लिहायला लावू नका. 'तो किती वाईट वागला?' आणि 'त्याला किती शिक्षा द्यावी?' हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारा आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायला सांगा. गटांची सरासरी फळ्यावर मांडली की कोणत्या प्रश्नात कपांची संख्या जड झाली आणि कोणत्या प्रश्नात मुरंबा, ते मुलांना आपोआप दिसेल. जमल्यास याच चार गोष्टी शिक्षक-खोलीतही वाटाव्यात. ज्या दिवशी शाळेत खरोखरच काही फुटले असेल, त्या दिवशी मात्र हा प्रयोग करू नये, आकडे बिघडतात.