तबकडीवरची भीमगीते : काय सापडले, काय ऐकले, काय जपावे



तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली. भिक्खू आनंद यांनी सुत्तांचे आणि भिक्खू उपाली यांनी विनयाचे संगायन केले, अशी परंपरा आहे. पुढे कित्येक पिढ्या धम्म कंठातून कंठात आणि कानातून कानात जपला गेला. इ. स. पूर्व पहिल्या शतकात राजा वट्टगामणी याच्या काळी श्रीलंकेतील आलोकविहार येथे त्रिपिटक लिहून काढण्यात आले. मुखोद्गत असणारे भिक्खू नाहीसे झाले तर धम्मवचनेही नाहीशी होतील, ही काळजी त्यामागे होती.

हा इतिहास आपण वर्षावासात आदराने ऐकतो. मात्र आपल्याच घरांच्या माळ्यावर आपल्या चळवळीचा एक आवाज धूळ खात पडला आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. तो आवाज म्हणजे भीमगीतांच्या व बुद्धगीतांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका, म्हणजेच तबकड्या किंवा रेकॉर्डी. गेल्या दोन वर्षांत आम्ही काही कार्यकर्त्यांनी अशा 31 तबकड्या जमा केल्या. त्यांपैकी 19 वाजण्याजोग्या निघाल्या. त्या कोठे मिळाल्या, ऐकताना काय जाणवले आणि त्यांचे पुढे काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

तबकडी ओळखावी कशी?

भारतात ध्वनिमुद्रणाला 1902 साली कलकत्त्यात सुरुवात झाली आणि गौहरजान यांचा आवाज तबकडीवर आला. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत. त्या मिनिटाला 78 फेरे घेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावे. हाताला ती जड लागते आणि पडली तर पाटीसारखी फुटते. नंतर प्लॅस्टिकच्या जातीच्या, म्हणजे व्हिनाइलच्या तबकड्या आल्या. 1948 साली अमेरिकेत 33⅓ फेऱ्यांची लाँग प्ले आणि 1949 साली 45 फेऱ्यांची सात इंची तबकडी निघाली. बारा इंची लाँग प्लेच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावतात. सात इंचीवर प्रत्येक बाजूला एक किंवा दोन गाणी असतात. आम्हाला मिळालेल्या तबकड्यांत या सात इंचीच अधिक आहेत.

कोठे सापडल्या?

पहिला गठ्ठा मिळाला वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील एका घरातून. या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन 2017 साली झाले. घर सोडताना माळा रिकामा करावा लागतो आणि माळ्यावरचे सामान बहुधा भंगारवाल्याकडे जाते. या घरातील कालकथित गृहस्थ गिरणीत कामाला होते. त्यांच्या लेकीने तबकड्या एका जुन्या साडीत बांधून ठेवल्या होत्या. वाजवायला यंत्र नव्हते, तरी तिने त्या टाकल्या नाहीत.

दुसरा गठ्ठा निफाड तालुक्यातील एका मंडप-लाऊडस्पीकरवाल्या दादांकडून मिळाला. ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी आपल्या वस्तीत रेकॉर्डप्लेअर कितीजणांकडे असणार? जयंतीच्या मंडपात, लग्नात, नामकरणात कर्ण्यावर वाजणारी तबकडी हीच साऱ्या वस्तीची तबकडी होती. दादांनी पेटी उघडली आणि म्हणाले, "ज्या रेकॉर्डी गुळगुळीत झाल्यात ना, त्याच आपल्या लोकांच्या आवडीच्या. कोऱ्या दिसतील त्या कोणी मागितल्याच नाहीत." ज्या तबकडीवर लोकांनी सर्वाधिक प्रेम केले तीच सर्वाधिक झिजली. म्हणून खरखरणारी तबकडी टाकाऊ समजू नये. तिच्यावरची झीज हीसुद्धा लोकप्रियतेची नोंद आहे.

बाकीच्या तबकड्या मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर मिळाल्या. आम्ही पाहिलेल्या दुकानांत हिंदी चित्रपटांच्या तबकड्या दर्शनी भागात होत्या आणि भीमगीते तळाच्या ढिगात, पाकिटाविना पडली होती.

ऐकताना काय जाणवले?

पहिली जाणीव आवाजाच्या पट्टीची. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तबकडीवर ऐकताना तो खुल्या मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचविण्याची सवय असलेला गळा आहे, हे पहिल्याच आलापात कळते. कव्वालीचा ठेका, टाळ्यांची साथ आणि मागून उचलून धरणारा कोरस यांमुळे छोट्या खोलीतही सभा भरल्यासारखे वाटते. याच प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते महाराष्ट्राच्या घराघरांत वाजली. भीमगीते मात्र वस्तीतच जास्त वाजली. गळा एकच होता. ऐकणाऱ्यांनी त्याची वाटणी करून घेतली होती.

विठ्ठल उमप यांचे वैशिष्ट्य वेगळे. लोककलेच्या अनेक प्रकारांत वावरलेला हा शाहीर प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारतो. झिजलेल्या तबकडीवरही त्यांचे शब्द खरखरीतून वर येतात. 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. हे आठवत तो जुना आवाज ऐकताना आमच्यापैकी कोणी बराच वेळ बोलले नाही.

दुसरी जाणीव साथीदारांची. लेबलवर गायकाच्या नावापुढे 'आणि पार्टी' असे छापलेले असते. या दोन शब्दांत ढोलकीवाला, पेटीवाला, झीलकरी सगळे येऊन जातात. काही गाण्यांत मुख्य गायकापेक्षा ढोलकीच पुढे ऐकू येते, आणि वाजविणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नाही.

तिसरी जाणीव अधिक महत्त्वाची. एका बुद्धगीताच्या सात इंची तबकडीचे लेबल ओल लागून पुसून गेले होते. गायक कोण, कवी कोण, काहीच वाचता येत नव्हते. पौर्णिमेला विहारात ती लावली. गाणे संपले तशी मागे बसलेली एक आजी म्हणाली, "बाळांनो, हे संपलं नाही. पुढचं कडवं कुठं गेलं?" आणि तिने तेथेच ते कडवे म्हणून दाखविले. त्याच्या शेवटच्या ओळीत कवीचे नाव गुंफलेले होते.

लेबल हाच दाखला

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या गीतपरंपरेत कवी शेवटच्या कडव्यात आपली नाममुद्रा घालतो. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत 1922 साली जन्मलेले लोककवी वामनदादा कर्डक यांच्या हजारो गीतांपैकी अनेकांत 'वामन' हे नाव असेच येते. त्यामुळे लेबल नसले तरी त्यांचे गाणे ओळखता येते. मंचावरचे गाणे दहा-पंधरा मिनिटे चालते. तबकडीवर जागा तीन-चार मिनिटांची. तेव्हा काही कडवी गाळावीच लागतात. शेवटचे कडवे गळाले की कवीही गळाला. मग त्याच्या कर्तृत्वाचा पुरावा उरतो तो तबकडीच्या मधल्या कागदी लेबलवर छापलेल्या एका ओळीचा.

पुढे 1980 नंतर कॅसेटचा सुकाळ झाला. त्यामुळे लहान गावातील गायकांनाही संधी मिळाली, हा मोठाच लाभ. पण बऱ्याच कॅसेटांवर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव बारीक, किंवा तेही नाही. आज तेच गाणे मोबाइलवर येते तेव्हा वर फक्त गायकाचे नाव असते, नाहीतर नुसते 'भीमगीत'. म्हणजे गाणे जिवंत आणि गाणे लिहिणारा बेपत्ता! ज्या समाजाला शतकानुशतके नाव नाकारले गेले, त्याने आपल्याच कवीचे नाव पुसू द्यावे, हे शोभत नाही.

यात व्यवहाराचाही प्रश्न आहे. आपल्या कायद्याप्रमाणे गीतावरचा हक्क कवीच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे असतो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांच्या मानधनाच्या हक्काला बळकटी दिली. पण हक्क सांगायला दाखला लागतो. एखाद्या कवीच्या नातवाला तुमच्या माळ्यावरची तबकडीच हा दाखला देऊ शकेल. याच कारणाने मंडळाने उतरवून घेतलेली गाणी विकू नयेत आणि परवानगीवाचून प्रसारितही करू नयेत. ती जतन व अभ्यास यांसाठी आहेत.

जपणूक कशी करावी?

1. तबकड्या एकावर एक रचू नयेत. वह्यांसारख्या उभ्या, एकमेकींना टेकून ठेवाव्यात. पत्र्याच्या छपराखाली उन्हाने व्हिनाइल वाकते. पावसाळ्यात ओलीने लेबलला बुरशी येते.

2. धूळ मऊ सुती फडक्याने, रेघांच्या दिशेने गोलाकार पुसावी. फारच मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरावे, लेबल भिजू देऊ नये. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. स्पिरिटात लाख विरघळते.

3. जुन्या गंजक्या सुईने वाजवून पाहू नये. 78 फेऱ्यांच्या तबकडीची रेघ रुंद असते, तिला जाड सुई लागते. 45 व 33⅓ च्या तबकड्यांना बारीक सुई लागते. चुकीच्या सुईने आवाजही वाईट येतो आणि रेघही खरवडली जाते.

4. वाजविण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या लेबलांचे स्वच्छ उजेडात फोटो घ्यावेत. गाण्याचे शीर्षक, गायक, कवी, संगीत, कंपनी व क्रमांक एका वहीत उतरवावेत. लेबलभोवतीच्या मोकळ्या पट्टीवर कोरलेला क्रमांकही भिंगाने वाचून लिहावा. लेबल गेले तरी त्यावरून शोध घेता येतो.

5. स्पीकरसमोर मोबाइल धरून गाणे उतरवू नये. प्लेअर तारेने संगणकाला जोडावा आणि वेव्ह फाईल करावी. एमपीथ्री करताना आवाजाचा काही भाग गाळला जातो. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

6. गाणे ज्येष्ठांना ऐकवावे. त्यांना आठवणारी जादा कडवी, नावे, प्रसंग त्यांच्याच तोंडून टिपून घ्यावेत. हे काम यंत्राला जमणारे नाही आणि फार थांबूनही चालणारे नाही.

महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर लेखन आणि भाषणे या ग्रंथमालेचा पहिला खंड 1979 साली प्रकाशित केला. त्यामागे वसंत मून यांच्यासारख्यांनी एकेक कागद जमविण्याची घेतलेली मेहनत होती. बाबासाहेबांचा शब्द ग्रंथात आला. तो शब्द ज्यांनी गावोगाव निरक्षर माणसांपर्यंत गाऊन पोहोचविला, त्यांच्या आवाजासाठी आपण निदान एक वही तरी घालावी.

म्हणून विनंती एवढीच. या स्मरणिकेचे वाचन झाल्यावर घरातील माळा, ट्रंक, गावाकडची पेटी एकदा पाहावी. तबकडी सापडली तर विकू नये, फेकू नये. द्यायची नसेल तर देऊही नये. विहारात घेऊन यावी, आम्ही लेबल टिपून, गाणे उतरवून ती आपली आपल्याला परत करू. त्या बुद्धगीताच्या पाकिटावर आम्ही आजीने सांगितलेले कवीचे नाव लिहिले आहे. त्याचे आडनाव आणि गाव शोधण्याचे काम चालू आहे. ते सांगणारे कोणी वाचकांतच असेल, अशी आशा आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!