काँक्रीट ओतण्याआधी वायरमनला बोलवा

बंगल्यामागे पोहण्याचा तलाव बांधायचं ठरलं, की घरात चर्चा रंगते ती फरशीच्या निळ्या रंगाची! पण मैत्रिणींनो, काँक्रीट पडण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा. तलावाच्या सळ्या, शिडी, कठडा, पंपाची बॉडी हे सगळं तांब्याच्या जाड तारेने एकमेकांशी जोडून अर्थिंगला न्यावं लागतं. सळ्या एकदा काँक्रीटखाली गेल्या, की तिथे हात पोचत नाही. या जोडणीमुळे पाणी आणि शिडी यांचा विद्युतदाब सारखा राहतो. मग कुठे बिघाड झाला, तरी ओल्या हाताने शिडी धरणाऱ्या मुलाला झटका बसण्याचा धोका टळतो.

पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच घ्या. त्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि साधे प्लग काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे हवेत.

पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. "एमसीबी आहे की!" असं कुणी म्हणेल, पण एमसीबी पडते ती जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर. माणसाचा जीव त्याहून कितीतरी कमी विजेने जातो. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबायचं. हे काम पुरुषमंडळींवर सोपवू नये, असं माझं आपलं मत! बटण दाबूनही खटका पडला नाही, तर ती बदलेपर्यंत पंप-दिवे बंद, आणि मुलं पाण्याबाहेर.