स्नायूंची वीज टिपणारी चकती

आपण मूठ आवळता तेव्हा स्नायूंत वीज उत्पन्न होते. त्वचेवर ती फार तर काही सहस्रांश व्होल्ट भरते. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी ती मोजण्यासाठी हातावर फोड आणून कातडी काढली होती! आज रुप्यावर सिल्व्हर क्लोराइडचा लेप दिलेल्या दोन चकत्या पुरतात. स्वच्छ पुसलेल्या त्वचेवर, स्नायुतंतूंच्या दिशेने, सुमारे २ सेंटिमीटर अंतराने त्या बसवितात, तिसरी हाडाजवळ. दोन्हींवर सारखीच येणारी घरगुती विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण यंत्र वजाबाकीने दूर करते. चकती हलली, तर मात्र संकेत बिघडतो. हात गमावलेल्याचा विद्युत्-पंजा अशाच संकेतांवर उघडतो, मिटतो. म्हणूनच चकतीची पक्की बैठक ही त्याच्या स्वावलंबनाची पहिली पायरी होय.