वस्त्र आणि वास्तू – लेखांक ४ : मेखलेपासून स्तंभापर्यंत

वास्तूचे मूळ वस्त्रात शोधण्याचा ठळक प्रयत्न जर्मन वास्तुविशारद गॉटफ्रीड सेम्पर याने केला. माणसाने जागा विभागण्यासाठी प्रथम विणलेल्या चटया आणि पडदे टांगले, आणि त्यांना आधार देणारी पक्की भिंत नंतर आली, असे त्याने १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रतिपादन केले. हा सिद्धांत सरसकट स्वीकारण्याजोगा नाही; तथापि बीड जिल्ह्यातील मध्ययुगीन मंदिरे पाहताना तो कोठे लागू पडतो आणि कोठे पडत नाही, हे तपासणे उद्बोधक ठरते.

बीड शहरात पाण्याने वेढलेले कंकालेश्वर मंदिर तारकाकृती आहे, म्हणजे त्याची बाह्यभिंत सरळ न जाता एकामागून एक कोपरे घेत वळते. या कोपऱ्यांना लुगड्याच्या निऱ्या म्हणण्याचा मोह साहजिक असला, तरी तो आवरलेला बरा. कारण तारकाकृती तलविधान हे चौरस स्वतःच्या मध्याभोवती फिरवत नेल्याने सिद्ध होते, आणि त्याचा उगम सूत्रधाराच्या, म्हणजे स्थपतीच्या, दोरीत आहे, विणकराच्या मागावर नाही.

वस्त्राचा खरा प्रभाव परळी तालुक्यातील धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरासारख्या चालुक्यकालीन वास्तूंत शोधावा लागतो. या मंदिराच्या भिंतीवर सुरसुंदरी, म्हणजे देवालयाच्या बाह्यांगावर कोरल्या जाणाऱ्या देवांगना, आहेत. तलम वस्त्र दाखवताना दख्खनचा शिल्पकार सहसा चुण्या कोरीत नाही. अंगाशी चिकटलेल्या कापडाची जाणीव तो पोटरीवरच्या एका बारीक काठाने करून देतो, आणि सारे कसब कमरेच्या मेखलेवर व तिच्यातून मांड्यांवर लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरांवर खर्च करतो. हेच सर त्या काळच्या मंदिरांत स्तंभांवर कीर्तिमुखाच्या, म्हणजे सिंहसदृश मुखवट्याच्या, जबड्यातून लोंबताना दिसतात. वेशभूषेतील अलंकार अशा रीतीने वास्तूचा अलंकार होतो. स्तंभाला त्याची रचनेच्या दृष्टीने काहीच गरज नसते, आणि म्हणूनच हे उसनेपण इतके उघड दिसते.

छताच्या बाबतीत हे नाते अधिक जुने आहे. मंदिराच्या अलंकृत छताला वितान म्हणतात, आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ चांदवा, म्हणजे डोक्यावर ताणून बांधलेले कापड. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील लेण्यांत, विशेषतः क्रमांक २ आणि १७ मध्ये, छतावरील चित्रे अशा चांदव्यासारखी मांडलेली आहेत : मध्यभागी वर्तुळे, भोवती चौकट आणि कडेने नक्षीचे पट्टे. डोंगर कोरून केलेल्या छताला कापडाचे रूप देण्याचा हा अट्टहास सेम्परच्या मताला, निदान या एका अंगाने, बळ देतो.

पुढे देवाणघेवाणीची दिशा उलटली. गोदावरीकाठच्या पैठणच्या विणकरांनी अजिंठ्याचे कमळ पैठणीच्या पदरावर घेतले, आणि भिंतीवरची नक्षी रेशीम व जरीत उतरली. या उलट प्रवासाचा विचार पुढील लेखांकात करावयाचा आहे.