विश्लेषण : औद्योगिक भांगेची काढणी कधी? थोडासा उशीरही पीक बेकायदा का ठरवतो?

द्राक्ष बागायतदार मण्यांची गोडी मोजून काढणी ठरवतो. अमेरिकेत उघड्या शेतात औद्योगिक भांग म्हणजे ‘हेम्प’ पिकवणाऱ्या शेतकऱ्याला पक्वतेबरोबर कायद्याकडेही पाहावे लागते. लवकर कापले तर मालाला भाव कमी आणि उशीर झाला तर तेच पीक कायद्याच्या लेखी गांजा. ही कसरत का करावी लागते?

हेम्प आणि गांजा वेगळे कसे?

हेम्प म्हणजे आपला ताग किंवा अंबाडी नव्हे. हेम्प आणि गांजा या ‘कॅनाबिस सटायव्हा’ या एकाच वनस्पतीच्या दोन बाजू. नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी. अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्यानुसार, सुक्या वजनात टीएचसी ०.३ टक्क्यापेक्षा जास्त नसेल तर ते पीक हेम्प.

काढणीची वेळ कशावरून ठरते?

पीक कशासाठी घेतले यावर. धाग्यासाठी असेल तर फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच कापणी होते. नंतर खोड कठीण होत जाते. बियांसाठी साधारण ७० टक्के बिया पिकल्या की कापणी करतात. त्यापुढे थांबल्यास बिया गळतात आणि पाखरे फडशा पाडतात.

खरा पेच सीबीडी या नशा न आणणाऱ्या द्रव्यासाठी फुले घेणाऱ्यांचा. दिवस लहान होऊ लागले की झाड फुलोऱ्यावर येते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणीला येते. शेतकरी भिंगातून फुलांवरील राळेच्या सूक्ष्म ग्रंथी पाहतो. आधी काचेसारख्या पारदर्शक असलेल्या ग्रंथी पुढे दुधाळ आणि शेवटी पिंगट होतात. बहुतेक ग्रंथी दुधाळ झाल्या की फूल भरले असे मानतात.

मग थांबायला अडचण काय?

सीबीडी तयार करणारे विकर सोबत थोडे टीएचसीही बनवते. अशा वाणांत दोन्हींचे प्रमाण साधारण २० ते २५ ला १ असते. म्हणजे सीबीडी सहा ते आठ टक्क्यांच्या आसपास पोहोचले की टीएचसी ०.३ च्या रेषेवर येते. ऊन, पाण्याचा ताण यांमुळे टीएचसी ‘भडकते’, असा समज होता. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी झाडांना मुद्दाम ताण देऊन पाहिले. हे प्रमाण मुख्यतः वाणाच्या जनुकांवर ठरते, असे त्यांना आढळले.

सरकारी तपासणी कशी होते?

२०२१ मध्ये लागू झालेल्या नियमानुसार, नमुना घेतल्यापासून ३० दिवसांत काढणी पूर्ण करावी लागते. आधी ही मुदत १५ दिवसच होती. नमुना झाडाच्या शेंड्याकडचा, म्हणजे सर्वाधिक टीएचसी असलेल्या भागाचा असतो. मर्यादा ओलांडली तर पीक नष्ट करावे लागते किंवा फुले काढून टाकणे, सगळे झाड भरडून पुन्हा तपासणे असे उपाय करावे लागतात. त्यामुळे जाणकार शेतकरी फुलोरा सुरू झाल्यापासून स्वखर्चाने चाचण्या करतो आणि रेषा गाठण्याआधीच अधिकाऱ्यांना बोलावतो.

हवामानाचा वाटा किती?

मोठा. भरलेल्या घट्ट फुलांत शरदातल्या पावसाचे पाणी अडकले की करड्या बुरशीने ती आतून कुजतात. वरून फूल ठीक दिसते, उघडल्यावर राखाडी भुकटी निघते. पाऊस किंवा हिमतुषारांचा अंदाज असेल तर थोडे कमी भरलेले फूल कापणेच शहाणपणाचे.

भारतात काय स्थिती?

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्याशी बांधलेली आहे. फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया त्यात येत नाहीत. कलम १४ नुसार धागा आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये असा परवाना दिला. मर्यादा तीच, ०.३ टक्के. हे पीक इथे वाढवायचे तर परवान्याइतकीच कमी टीएचसीच्या खात्रीशीर बियाण्यांची आणि जवळच्या प्रयोगशाळेची गरज आहे. अहवाल वेळेवर आला नाही, तर काढणीचा दिवस शेतकऱ्याच्या हातात राहत नाही.