सरकारचं बिल, सरकारच्याच नावे

(लेखमाला ‘सरकारी पैशाची वाट’, भाग ७)

सरकारी खात्याचा खाकी लिफाफा घरी आला की आत काय निघणार या धास्तीत त्यावरच्या तिकिटाकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यावर फ्रँकिंगचा शिक्का नसेल, तर अशोकस्तंभ आणि ‘सर्व्हिस’ हा शब्द असलेलं तिकीट सापडतं. ते फक्त सरकारी टपालासाठी. म्हणजे तहसीलदाराची नोटीसही फुकट येत नाही. महसूल खातं तिच्यासाठी पोस्ट खात्याला पैसे मोजतं. साध्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द छापून इंग्रजांनी १८६६ मध्ये ही तिकिटं सुरू केली.

नागरिक सरकारला कुठे-कुठे शुल्क देतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. या वेळी दुकानदारही सरकार आणि गिऱ्हाईकही सरकारच.

वरवर पाहता हा या खिशातून त्या खिशात टाकण्याचा प्रकार. पण खिसे खरोखरच वेगळे आहेत. राज्यघटनेचं कलम २८५ सांगतं की केंद्राच्या मालमत्तेवर राज्याने किंवा राज्यातल्या महापालिकेने कर लावायचा नाही. संसदेने मुभा दिली तरच गोष्ट वेगळी. आता आयकर कार्यालय किंवा रेल्वे कॉलनी शहरातच उभी असते. तिच्यापुढचा रस्ता महापालिकेचा, दिवे महापालिकेचे, कचरा उचलणारी गाडीही तिचीच. मग कर नाही, तर ‘सेवाशुल्क’ घ्या, असा तोडगा निघाला. ते किती, यावरून राजकोट महापालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २००९ मध्ये ठरलेला हिशेब असा: सगळ्या सेवा वापरत असाल तर इतरांना लागणाऱ्या मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही सेवाच वापरत असाल तर ५० टक्के आणि एकही सेवा घेत नसाल तरी एक तृतीयांश. न घेतलेल्या सेवेचं हे सेवाशुल्क मोठं गमतीचं. रुपया तोच, पावतीवरचं नाव तेवढं बदललं.

मुंबईत या व्यवहाराचा खरा रंग पावसाळ्याच्या तोंडावर दिसतो. शहराचं पाणी नाल्यांतून खाडीकडे जातं आणि वाटेत त्याला रेल्वेचे रूळ आडवे येतात. रुळांखाली कल्व्हर्ट आहेत. अलीकडचा नाला पालिकेचा, पलीकडचाही पालिकेचा, मधला कल्व्हर्ट मात्र रेल्वेचा. पालिकेचा माणूस फावडं घेऊन थेट रुळांखाली शिरू शकत नाही, म्हणून तिथला गाळ रेल्वे काढते आणि त्यासाठी पालिका रेल्वेला पैसे देते. रुळांवरून पूल न्यायचा तरी हाच नमुना. रेल्वेच्या हद्दीतला तुकडा बहुतेक वेळा रेल्वे बांधते, खर्च पालिका भरते, वर देखरेखीचं शुल्कही देते. रेल्वेच्या भाषेत याला ‘डिपॉझिट वर्क’ म्हणतात: आधी पैसे जमा करा, मग काम. उलट बाजूला पालिका रेल्वेला पाणी देते, त्याचं बिल लावते आणि ते थकल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येत राहतात.

इथेच खरी मेख आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याने भाव वाढवला तर माणूस पुढच्या दुकानात जातो. वाण्याला वचक असतो तो तेवढाच. पालिकेला रुळांखालचा गाळ काढायला दुसरी रेल्वे सापडत नाही आणि रेल्वेलाही दुसरी पालिका मिळत नाही. दुकान बदलता येत नसेल तर गिऱ्हाईकाच्या हातात एकच हत्यार उरतं, उधारी थकवण्याचं. सरकारी खात्यांची थकबाकी हा निव्वळ ढिसाळपणा नसतो. बऱ्याचदा ती घासाघीसच असते.

भाव आधी ठरलेला असेल तर मात्र गाडं बरं चालतं. लोकलमध्ये पाकीट मारलं गेलं की तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे जाते. ते पोलीस राज्याचे, पण त्यांचा निम्मा खर्च रेल्वे उचलते. पाकीट सापडेलच असं नाही, पण खर्च कुणाचा यावर फलाटावर वाद होत नाही.

केरळात वाद झाला. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला इथे डोंगर कोसळला. माणसांना बाहेर काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राचं पत्र केरळ सरकारच्या हाती पडलं: २००६ पासूनच्या हवाई मदतीचे मिळून १३२.६२ कोटी रुपये भरा. त्यात २०१८ च्या महापुरातली उड्डाणंही होती. इतकी जुनी बिलं आताच कशी बाहेर आली, असं केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये केंद्राला विचारलं. हेलिकॉप्टरच्या प्रत्येक तासाला खर्च येतो, हे खरंच आहे. आणि आपत्तीत मदतीची पहिली जबाबदारी राज्याची, हेही केंद्र फार पूर्वीपासून सांगत आलं आहे. पण घरावर दरड कोसळलेली असताना कुठलं राज्य आधी दरपत्रक मागेल?

हवाई दलाची अशी बिलं राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून भागवता येतात, तशी तरतूद त्या निधीच्या निकषांतच आहे. केरळच्या या निधीत जमा होणाऱ्या दर १०० रुपयांपैकी ७५ रुपये केंद्र सरकारच घालतं.