वाट सोडणारा हरतो का?

मोटारींच्या शर्यतीत कधी कधी संघाकडून हुकूम सुटतो : ‘सोबत्याला पुढे जाऊ दे!’ ही शिस्त म्हणायची की लबाडी?

रायपूरच्या तात्यापारा भागातले एक मराठी घर. २१ जुलै २०२४, रविवारची संध्याकाळ. गुरुपौर्णिमेचा नैवेद्य आटोपलेला. आजोबा आणि त्यांचा आठवीतला नातू हंगेरीची फॉर्म्युला वन शर्यत पाहण्यात रंगलेले. मॅक्लारेन संघाचा लँडो नॉरिस आघाडीवर होता. सत्तर फेऱ्यांपैकी अगदी शेवटच्या तेवढ्या उरल्या असताना त्याने चक्क वेग कमी केला. त्याचाच संघसोबती ऑस्कर पियास्त्री पुढे निघून गेला आणि जिंकलाही.

“आजोबा, ये तो चीटिंग है!” नातू उसळला.

“थांब जरा,” आजोबा म्हणाले, “ती जागा मुळात कुणाची होती, ते आधी बघ.”

आजोबांचे म्हणणे खरे होते. पहिल्या वळणापासून आघाडी पियास्त्रीची होती. मागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांपासून बचाव म्हणून संघाने टायर बदलायला नॉरिसला आधी बोलावले. ताज्या टायरांच्या जोरावर तो आपसूक पुढे आला. संघाने त्याला वारंवार विनवले. बराच वेळ आढेवेढे घेऊन अखेर त्याने जागा परत केली. पियास्त्रीचा फॉर्म्युला वनमधला तो पहिलाच विजय!

दोन मोटारी, एक संघ

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाच्या दोन मोटारी धावतात. दोघांचे गुण मिळून संघाचे अजिंक्यपद ठरते. चालकाचे अजिंक्यपद मात्र एकट्याचे. म्हणजे ज्याच्याबरोबर पगार घ्यायचा, त्यालाच हरवायचे! सगळा पेच इथेच आहे.

हा पेच हुकमाने सोडवला की काय होते, ते १२ मे २००२ रोजी ऑस्ट्रियात दिसले. फेरारीचा रुबेन्स बॅरिकेलो सबंध शर्यत पुढे होता. संघाच्या आज्ञेवरून त्याने अंतिम रेषेच्या तोंडाशी वेग कमी केला आणि मायकेल शूमाकरला जिंकू दिले. शूमाकरने त्या मोसमातल्या आधीच्या पाचपैकी चार शर्यती जिंकल्या होत्या. त्याला या दानाची गरजच नव्हती. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ओशाळलेल्या शूमाकरने विजेत्याच्या पायरीवर बॅरिकेलोला उभे केले. तो शिष्टाचाराचा भंग ठरून दहा लाख डॉलर दंड झाला, पण वाट सोडायला लावणे नियमात बसत होते!

पुढच्या वर्षापासून असे हुकूम देण्यावर बंदी आली. मग हुकूम सांकेतिक भाषेत सुटू लागले. २०१० साली जर्मनीत फेरारीने फेलिपे मासाला एवढेच कळवले, की फर्नांडो अलोन्सो तुझ्यापेक्षा वेगवान आहे. मासा समजला, बाजूला झाला. संघाला एक लाख डॉलर दंड झाला. बंदी पाळून घेणे अशक्य आहे हे ओळखून २०११पासून ती उठवण्यात आली.

आज्ञापालनाची हद्द

पण आज्ञा पाळायची तरी किती? २००८ साली सिंगापूरला रेनॉ संघाचा तरुण चालक नेल्सन पिके ज्युनियर याने मोटार मुद्दाम भिंतीवर आदळली. अपघातामुळे शर्यत मंदावली आणि नुकतेच टायर बदललेल्या अलोन्सोचे फावले. तो जिंकला. सत्य पुढच्या वर्षी बाहेर आले. पिकेचे पुढचे भवितव्य त्याच संघाच्या हाती होते. अशा माणसाचा होकार खरा होकार म्हणायचा का? शिवाय स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घातला, तो वेगळाच.

हुकूम मुळीच नसला तर सगळे आलबेल, असेही नाही. भारतीय परवान्यावर धावणाऱ्या फोर्स इंडिया संघाने हे भोगले. जून २०१७मध्ये कॅनडात सर्जिओ पेरेझने सोबती एस्तेबान ओकॉनला वाट द्यायचे नाकारले. संघाने सक्ती केली नाही. दोन आठवड्यांनी बाकूत दोघे एकमेकांवर आदळले. ऑगस्टमध्ये बेल्जियममध्ये पुन्हा तेच, आणि तेही एकाच शर्यतीत दोनदा! शेवटी संघाला लगाम आवळावाच लागला.

तीन गुणांची किंमत

मग न्याय्य कशाला म्हणायचे? आधी ठरलेले, दोघांना सारखेच लागू असलेले आणि चारचौघांत सांगता येणारे. पण असा नियमही महाग पडू शकतो. ७ सप्टेंबर २०२५ रोजी इटलीत मोंझाला नॉरिसचे टायर बदलताना मॅक्लारेनच्या माणसांकडून वेळ गेला आणि पियास्त्री पुढे आला. जागा परत करण्यास संघाने सांगितले. टायर बदलायला उशीर होणे हा शर्यतीचाच भाग असे आपले ठरले होते, अशी कुरकुर करूनही पियास्त्रीने वाट दिली. दुसऱ्या क्रमांकाचे गुण १८, तिसऱ्याचे १५. मोसमाच्या शेवटी नॉरिसचे ४२३ गुण झाले आणि मॅक्स व्हर्स्टापेनचे ४२१. मोंझाचे ते तीन गुण नसते, तर नॉरिसचे जगज्जेतेपद हुकले असते! पियास्त्री मात्र तिसरा राहिला.

घरोघरी आपणही असे हुकूम सोडतोच. ‘दादाचे शिक्षण होऊ दे, तू थांब.’ ‘ताईचे लग्न उरकू दे, मग तुझे बघू.’ थांबणारा बहुधा थांबतो. पण त्याला आधी विचारले होते का? उद्या पाळी उलटली, तर दादाही थांबणार आहे का? आणि यश आले तेव्हा वाट देणाऱ्याचे नाव कुणी घेतले का?

तात्यापाऱ्यातल्या त्या घरात शर्यत संपल्यावर नातवाने विचारले, “पण आजोबा, नॉरिसच्या जागी तुम्ही असता तर?”

आजोबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “दिली असती रे. पण त्या रात्री झोप लागली नसती.”